संमती मिळवणे व टिकवणे

१२ नोव्हेंबर २०२४

आज रेश्मा आली होती. माझ्या मुलाची, पार्थची बायको. म्हणजे होती. मागच्या वर्षी नगरच्या कोर्टात दोघांचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. त्यानंतर तिची स्कूटी आज पहिल्यांदा आमच्या रस्त्याला वळली. का मोडलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मुलाला विचारलं, तो म्हणाला काही नाही. तिला विचारलं, तीही म्हणाली काही नाही. काही नसताना एवढं कसं मोडतं?

पूर्वी आली की ती थेट आत चुलीपाशी जायची. आज ओट्यावरच्या खुर्चीत बसली. माझ्या बायकोने, साळूबाईने, चहा पाहुण्यांच्या कपात दिला. रेश्माने कपाकडे बघितलं, मग प्यायली.

काम असं होतं की आपली कोंबड्यांची शेड दोन वर्षं रिकामी पडली आहे. तिथे तिला पनीर करायचंय. सुप्याच्या दूध केंद्रावर तिने बरीच वर्षं काढलीत, हायवेवरच्या हॉटेलवाल्यांच्या ओळखी आहेत. शेड भाड्याने हवी.

मी म्हणालो, "कागद करावा लागेल. नातं होतं तेव्हा गोष्ट वेगळी होती."

"मला पण कागदच पाहिजे," ती म्हणाली. "तोंडी काही नको."

मी वाद घालायच्या तयारीत होतो, तिने लगेच कबूल केलं. थोडा रागच आला. पण कागदावर माझा विश्वास आहे. पारनेरच्या कोर्टात बेलिफ म्हणून जन्म गेला. भावाभावांच्या दारावर समन्स चिकटवले आणि दारोदारी एकच वाक्य ऐकलं: "कागद केला न्हाई, इस्वास हुता."

एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी ती मला अण्णा म्हणायची. आज अख्ख्या बोलण्यात तिने मला काहीच म्हटलं नाही.

ती गेल्यावर साळूबाई म्हणाली, "पोरगी लई वाळली." मी सांगितलं, भाडेकरूच्या तब्येतीशी मालकाचा संबंध नसतो.

२६ नोव्हेंबर

पारनेरला राधाकृष्ण वकिलांकडे गेलो. रेश्मा आधीच येऊन बसली होती.

दूध फाडल्यावर मागे जे पाणी राहतं त्याला निवळी म्हणतात, हे मला आज कळलं. निवळी तशीच सोडली तर ओढा नासतो, विहीर नासते. म्हणून असल्या धंद्याला प्रदूषण मंडळाची संमती लागते. आधी उभारायची, मग चालवायची. वकील म्हणाले, "संमती मिळवणं एक आणि टिकवणं दुसरं. करारात दोन्ही घालू."

आमची विहीर शेडच्या खालच्या अंगाला आहे. माझ्या बापाने खोदलेली. या दुष्काळी मुलखात तिने कधी दगा दिला नाही. त्यामुळे मी कलम सात स्वतः सांगितलं आणि वकिलांनी लिहिलं: पट्टा घेणार यांनी मंडळाची संमती स्वतः मिळवावी व करार असेपर्यंत टिकवावी. संमती हाती येण्याआधी दुधाचा थेंब शेडमध्ये येऊ नये. संमतीची कोणतीही अट मोडल्यास मालकास करार तात्काळ रद्द करता येईल.

रेश्माने दोनदा वाचलं. "तात्काळ?"

"तात्काळ."

"बरं. मग माझंही एक घाला. संमतीसाठी मालकाची सही लागली तर मालक विनाकारण अडवणार नाही. आणि संमती माझ्या एकटीच्या नावावर राहील."

मी माझंही आणखी एक घातलं. दर तीन महिन्यांनी विहिरीच्या पाण्याचा नमुना दोन्ही पक्षांनी समक्ष हजर राहून भरावा.

"नमुना प्रयोगशाळेचा माणूस भरतो," वकील म्हणाले. "तुम्हा दोघांचं तिथं काय काम?"

मी म्हणालो, समक्ष पाहिजे. कोर्टात समक्ष या शब्दाला किंमत असते.

रेश्मा खाली बघून हसल्यासारखी वाटली. नक्की सांगता येत नाही.

९ जानेवारी २०२५

नगरला दाढेचं काम होतं. म्हणून रेश्माबरोबरच गेलो, तिलाही सावेडीला मंडळाच्या ऑफिसात अर्ज दाखवायचा होता. मालकाने सोबत जावं असं करारात नाही. पण जायचंच होतं.

अधिकारी बाई तरुण होत्या, नीट बोलल्या. नकाशा बघितला, विहीर किती लांब ते विचारलं, निवळीच्या टाकीत हवा सोडणारी मोटर कुठे बसणार ते विचारलं. मग माझ्याकडे बघून रेश्माला म्हणाल्या, "हे तुमचे कोण?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं. "जागेचे मालक," ती म्हणाली.

बरोबरच बोलली. करारात तसंच लिहिलंय.

बाहेर तिने उसाचा रस घेऊ का विचारलं. मी नको म्हणालो, दाढ दुखत होती. घरी आल्यावर साळूबाईने विचारलं, "दाढ दाखवली का?" तेव्हा आठवलं, राहूनच गेलं.

२ मार्च

उभारणीची संमती आली. रेश्माने कागद आणून दाखवला. मी चष्मा लावून प्रत्येक अट वाचली आणि तिच्याकडून वाचून घेतली. साळूबाईने पुरण घातलं. मी म्हणालो, भाडेकरूच्या परवान्याला पुरणपोळी कसली? ती म्हणाली, "आमाला खावीशी वाटली म्हून केली." रेश्मा दोन पोळ्या खाऊन गेली. ओट्यावरच बसून.

१६ जून

चालवण्याची संमतीही मिळाली, आज शेड सुरू झाली. सकाळी दुधाचा टेम्पो आला. वाडीतल्या दोन बायका कामाला लावल्यात. निवळी टाकीत जाते, मोटर हवा सोडते, दिवसभर घूं घूं आवाज येतो. दुपारी झोपायला त्रास होईल असं वाटलं होतं. झोप लागली.

पार्थचा चाकणहून फोन आला. "अण्णा, खरंच दिली तिला शेड?" म्हणालो, करार पक्का आहे, काळजी करू नको. तो म्हणाला, "मी कराराचं कुठं म्हणतोय?" आणि फोन ठेवला.

१५ सप्टेंबर

नमुन्याचा दिवस. विहिरीच्या पायऱ्या झाडून घेतल्या, निसरड्या झाल्या होत्या. दाढी केली, तशीही करायचीच होती. प्रयोगशाळेचा मुलगा बाटली भरून पाच मिनिटांत गेला. रेश्मा आणि मी काठावर बसलो. करारात समक्ष हजर राहावं एवढंच आहे, किती वेळ ते नाही. ती सांगत होती, कोणत्या हॉटेलवाल्याला मऊ पनीर लागतं, कोणाला घट्ट. तिचा हात भाजलेला दिसला. साळूबाईला सांगून कोरफड पाठवली.

२ नोव्हेंबर

पार्थचं लग्न ठरलं. मुलगी निकिता, श्रीगोंद्याकडची, त्याच्याच कंपनीत आहे. आवाजावरून पोरगा खूश वाटला. बऱ्याच दिवसांनी वाटला. पण शेवटी म्हणाला, "मुलीकडचे घर बघायला येतील. शेडच्या दारावर तिच्या नावाची पाटी आहे. मी त्यांना काय सांगू?"

पाटी लावणं मंडळाच्या अटींत आहे, एवढंच सांगितलं.

२३ नोव्हेंबर

वाईट दिवस.

सकाळी ओढ्याखाली शेत असलेला आमचा शेजारी श्रीमंत आला. "अण्णा, म्हशीनं वढ्याच्या पान्याला तोंड लावलं न्हाई. आंबूस वास मारतोय."

विहिरीवर गेलो. पाण्यावर पांढरट साय धरलेली. वास ताकाचा, नासलेल्या. बापाची विहीर. पायऱ्यांवर बसलो.

मग शेडकडे गेलो. मोटरचा आवाज नव्हता. मला ते आधीच कळायला हवं होतं. दोन-तीन दुपारी झोप लागत नव्हती, ती का, ते आता कळलं.

रेश्मा टाकीपाशी उभी होती. तोंड पांढरं पडलं होतं. मोटर जळाली होती आणि तिने दोन दिवस काम तसंच चालू ठेवलं. लग्नसराईचा माल द्यायचा होता. तेवढे दिवस टाकी धरील असं तिला वाटलं. हवेशिवाय निवळी साफ होईना, तशी बाहेर सोडता येईना, म्हणून रात्री टाकी भरून वाहिली.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो. कोर्टातसुद्धा मी कधी एवढा ओरडलो नव्हतो.

तिने मान वर केली. "सांगितलं असतं तर तुम्ही करार रद्द केला असता. तात्काळ."

घरी आलो.

२४ नोव्हेंबर

श्रीमंतने मंडळाकडे तक्रार केली. त्याचं चुकलं नाही, म्हशी त्याच्या आहेत. पार्थलाही कुणीतरी कळवलं. तो फोनवर म्हणाला, "कलम सात आहे ना? वापरा. आता तरी वापरा."

खरं आहे. कलम मीच घातलंय. बसून नोटीस लिहिली, अक्षर चांगलं आलं. चार वाजता बजावायला निघालो. नोटीस समक्ष द्यायची असते.

शेडवर रेश्मा होती आणि साळूबाई होती. साळूबाईने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. ती खोऱ्याने टाकीच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालत होती, म्हणजे निवळी विहिरीकडे उतरू नये. बांध घालायला तिला शिकवावं लागत नाही, पाणलोटाच्या कामावर तिने तरुणपण घालवलंय. रेश्मा बादल्यांनी टाकी उपसून ड्रम भरत होती. दोघींचे केस, हात, सगळं त्या आंबट पाण्याने माखलं होतं.

मी म्हणालो, "साळू, तू इथं काय करती?"

"दिसत न्हाई व्हय?"

मी खिशातून कागद काढला. रेश्माने बघितलं, बादली खाली ठेवली आणि पदराला हात पुसून कागद घ्यायला पुढे केला. तिला ठाऊक होतं काय आहे ते.

साळूबाई खोऱ्यावर रेलून म्हणाली, "अवो, त्यो कागुद ठिवा तिकडं दगडाखाली आन् बादली घ्या. अंधार पडंल."

पन्नास वर्षांच्या संसारात ती माझ्या कामात कधी पडली नाही. मी कागद दगडाखाली ठेवला. बादली घेतली.

दिवस बुडेपर्यंत उपसलं. माझा सदरा आंबला. ड्रम टेम्पोत चढवताना रेश्मा म्हणाली, "अण्णा, तुम्ही नका उचलू, कंबर धरेल." मग म्हणाली, "चुकलं माझं. मोटर जळाली ती नव्हे. पुढचे दोन दिवस."

नोटीस तिथेच राहिली. आज ती बजावली असं म्हणता येणार नाही.

२७ नोव्हेंबर

सावेडीच्या त्याच अधिकारी बाई आल्या. सगळं बघितलं, बाटल्या भरल्या. दुरुस्ती होऊन पाणी साफ येईपर्यंत शेड बंद ठेवायला सांगितली. सोमवारी सुनावणी. संमती राहते की जाते ते तिथेच ठरेल. "मालकांनीही यावं," त्या म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं महत्त्वाचं आहे."

विहिरीचं पाणी कुणी तोंडाला लावत नाही. साळूबाई श्रीमंतच्या बोअरवरून कळशी आणते.

३० नोव्हेंबर

पार्थ आला, न कळवता. आल्याआल्याच बोलायला लागला. तुम्ही माझे आईवडील की तिचे, असं म्हणाला. मी म्हणालो, मी विहिरीच्या बाजूचा आहे. तो म्हणाला, विहिरीच्या बाजूचे असता तर तिला केव्हाच काढली असती.

तेवढ्यात साळूबाई डोक्यावर कळशी घेऊन श्रीमंतच्या शेतातून येताना दिसली. पार्थ बोलता बोलता थांबला. धावत जाऊन त्याने कळशी घेतली. ती आत नेऊन ठेवली. मग विचारलं, "मोटर कुठाय?"

तो कंपनीत दुरुस्तीच्याच खात्यात आहे. शेडवर गेला, मोटर उघडली. रेश्मा दोन हात लांब उभी होती. दोघं एकमेकांशी बोलेनात.

"आई, तिला सांग, दहाचा पाना दे."

"आई, त्यांना सांगा, पाना त्यांच्याच खिशात आहे."

साळूबाईने दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "मला ऐकू येतंय, तुमाला बी येत आसंल." पार्थला हसू फुटलं. रेश्मालाही. लगेच दोघांनी तोंडं फिरवली.

हात पुसत तो मला म्हणाला, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "एक फेज गेला आणि मोटर तशीच ओढत राहिली. फेज गेला की आपोआप बंद पाडणारं यंत्र विकणाऱ्यानं बसवलंच नव्हतं. कुणाचीही जळाली असती." मग हळू म्हणाला, "वेळेवर बंद पडली असती तर वाचली असती."

रेश्मा म्हणाली, "हो."

मोटरबद्दलच बोलत होते. पण दोघंही बराच वेळ त्या मोटरकडे बघत उभे राहिले.

जाताना गाडीत बसल्यावर पार्थने विचारलं, "अण्णा, लग्नाला मनापासून याल ना?" केवढा झालाय, तरी तोंड तिसरीतल्यासारखं केलं होतं. मी म्हणालो, पोराच्या लग्नाला मन वेगळं न्यावं लागत नाही, ते आधीच जाऊन बसतं. आणि सांगितलं, निकिताच्या घरच्यांना खरं तेच सांग. शेड भाड्याने दिलीय, भाडेकरू कामाची आहे. घर सुनेचं आहे. त्याने मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही, पण खिडकीतून हात बराच वेळ बाहेर होता.

१ डिसेंबर

सुनावणी झाली. रेश्माने काही लपवलं नाही. मोटर केव्हा जळाली, काम किती दिवस चालू ठेवलं, सगळं सांगितलं. वकील बोटाने खुणावत होते, एवढं नको. तिने ऐकलं नाही.

बाईंनी मला विचारलं, "करार रद्द करायचा तुम्हाला अधिकार आहे. मालक म्हणून तुमचं काय म्हणणं आहे?"

मी उभा राहिलो. सवयीने. म्हणालो, "बाईसाहेब, अधिकार आहे. मालक तो वापरत नाहीत." पुढे बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बोललो. "कलम मीच घातलं. ते असं घातलं की चूक झाली तर सांगायची सोयच ठेवली नाही. तिने सांगितलं असतं तर विहीर वाचली असती. तिने सांगावं असं मी काही लिहिलंच नव्हतं."

बाईंनी संमती रद्द केली नाही, अटी घातल्या. जोडीला दुसरी मोटर, फेजचं यंत्र, श्रीमंतच्या म्हशींना तोवर पाण्याची सोय आणि विहीर उपसून पाण्याचा अहवाल साफ येईपर्यंत शेड बंद. कडक होत्या, पण दार उघडं ठेवलं.

बाहेर आल्यावर रेश्मा बराच वेळ स्कूटीची किल्ली शोधत होती. किल्ली हातातच होती.

६ डिसेंबर

राधाकृष्ण वकिलांकडे पुरवणी करार केला. कलम सात नवं: संमती मिळवण्याची जबाबदारी पट्टा घेणार यांची, टिकवण्याची दोन्ही पक्षांची. काही बिघडल्यास पट्टा घेणार यांनी त्याच दिवशी मालकास सांगावे व काम थांबवावे. सांगितल्यास मालक करार रद्द करणार नाहीत, दुरुस्तीस मदत करतील.

वकील म्हणाले, "रंगनाथराव, असं कलम कुठला मालक घालतो? तुमचा यात काय फायदा?"

मी म्हणालो, विहीर माझी आहे. फायदा त्यातच आला.

वकील रेश्माकडे बघून हसले. वकिलांना सवय असते.

४ जानेवारी २०२६

विहीर तीनदा उपसली. निघालेलं पाणी वरच्या पडीक रानात जिरवलं, ओढ्याकडे थेंब जाऊ दिला नाही. रेश्मा रोज येते. शेड बंद असली तरी त्या दोन बायकांना ती रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही, त्या गाळ काढतात. नवे झरे फुटलेत, तळाशी स्वच्छ पाणी दिसतं. श्रीमंत येऊन वाकून बघून गेला. जाताना गाळाच्या दोन पाट्या उचलून देऊन गेला.

निकिताच्या घरचे गुरुवारी येऊन गेले. तिच्या वडिलांनी शेडची पाटी वाचली आणि विचारलं. पार्थने स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "लपवलं न्हाई, हे बरं केलं." लग्न फेब्रुवारीत.

१९ जानेवारी

आज पाण्याचा अहवाल आला. पिण्यास योग्य. मंडळाला दाखवून शेड उद्यापासून सुरू करायलाही हरकत नाही.

रेश्मा कागद घेऊन आली. साळूबाई म्हणाली, कागदाचं बरं हाय, पर प्यायचं कुनी? आम्ही तिघं विहिरीच्या काठावर उभे. कुणाचा धीर होईना. मी कागद पुन्हा वाचायला लागलो.

तोवर रेश्मा पायऱ्या उतरून खाली गेली. तांब्या बुडवला, भरला आणि तिथेच उभं राहून तोंडाला लावला. थांबली नाही. घटाघटा सगळा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं. मग तांब्या पुन्हा भरून वर आली आणि माझ्यासमोर धरला. डोळे भरले होते, एवढ्या पायऱ्या चढून दम लागला असावा.

मी घेतला, प्यालो. साळूबाईने उरलेलं घेतलं आणि म्हणाली, "ग्वाड हाय की." मग रेश्माच्या खांद्यावर हात टाकून तिला आत घेऊन गेली. चुलीपाशी. भाकरी थापल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. त्याच्या मधे दोघींचं काहीतरी बोलणं चाललेलं, ते ऐकू आलं नाही.

मी काठावरच बसून राहिलो. आज दुसरं काही काम झालं नाही.

पाणी पूर्वीसारखंच लागलं. जरा जास्त प्यालो बहुतेक, कारण तेव्हापासून छातीत भरून आल्यासारखं होतंय. साळूबाईला सांगितलं. ती म्हणते, पान्यानं आसं होत न्हाई.